नाकमुरडेंनी वगळलेल्या ओळी

नाकमुरडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी कचेरीतल्या चहाच्या कपाची कड कागदी रुमालाने पुसली, तो रुमाल दुसऱ्या कागदी रुमालात गुंडाळला आणि ती पुडी दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात लांब करून, केराच्या डब्यापर्यंत नेली. बघणाऱ्यांनी तिथल्या तिथे त्यांचं बारसं उरकून टाकलं.

किळस हा त्या माणसाचा स्थायीभाव होता. दार कोपराने ढकलायचं. लिफ्टचं बटण किल्लीच्या टोकाने दाबायचं. कुणी शिंकलं की श्वास रोखून मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि मगच हवा आत घ्यायची. खालच्या उपाहारगृहात ते कधी जेवले नाहीत. लोकांचा मचमच आवाज त्यांना ऐकवायचा नाही. भिंतीकडे तोंड करून ते आपला डबा खायचे आणि तोही काट्याने, बोट न लावता. कापडी रुमाल वापरणाऱ्यांशी तर ते हातही मिळवत नसत. "कापडी रुमाल म्हणजे काय? शेंबूड जपून ठेवायची पिशवी," असं म्हणताना त्यांच्या नाकपुड्या अशा काही आक्रसायच्या की ऐकणाऱ्याला उगीचच आपल्या खिशाची लाज वाटायची.

असा हा माणूस नोकरीला कुठे, तर शहराच्या आरोग्य खात्यात. म्हणजे जिथे सगळ्या गावाची घाण येऊन पडते तिथे. पण नाकमुरडे नशीबवान. ते घाणीपासून पुष्कळ जिने वर, थंडगार खोलीत, काचेच्या टेबलाशी बसायचे. त्यांच्यापर्यंत घाण यायची ती फक्त आकड्यांची.

खात्याकडे एक डेटाबेस होता स्वयंपाकघरांचा. शाळा, वसतिगृहं, वृद्धाश्रम, कारखाने, जिथे जिथे माणसांना रांगेत बसवून जेवू घालतात त्या सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि त्यांच्या तपासण्या. दुसरा डेटाबेस दवाखान्यांचा: पोट बिघडून कोण आलं, कधी आलं, कुठे राहतं, पुढे काय झालं. आणि कुठल्या स्वयंपाकघरातलं जेवण कुठल्या संस्थेत जातं हे बघायला तिसऱ्याच एका खात्याची यादी होती. तिघांची तोंडं तीन दिशांना. नाकमुरडे त्यांना चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पंगतीला बसवायचे, संस्थेच्या नावावरून ओळीला ओळ जुळवायचे आणि त्यातून शहराचा नकाशा काढायचे. जेवणातून लोक आजारी पडतात तो भाग लाल, नाही पडत तो हिरवा. खात्याकडे तपासनीस मोजके आणि गाड्या त्याहून मोजक्या, त्यामुळे लाल भागात तपासणी व्हायची. हिरव्या भागात कोणी फिरकायचं नाही.

आकड्यांत काय घाण असते असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी दवाखान्याचा डेटाबेस उघडून पाहिलेला नसतो. तारखेच्या रकान्यात फोन नंबर. वयाच्या रकान्यात 'बरंच'. एकच माणूस तीनदा आलेला, दोनदा बाई म्हणून. नाकमुरडेंच्या अंगावर काटा यायचा. ते आधी हात धुऊन यायचे, मग कळफलक पुसायचे, मग सफाईला बसायचे. म्हणून जुळवणी करताना ते स्वयंपाकघरांचा डेटाबेस आधी ओढून आणत, कारण तो त्यातल्या त्यात सोज्वळ. त्या सॉफ्टवेअरचा कायदाच असा की जो आधी येईल तो मुख्य आणि मागून येतील ते दुय्यम. मुख्यातल्या सगळ्या ओळी चित्रात दिसतात. दुय्यमातल्या ज्या ओळीला मुख्यात जोडीदार सापडत नाही ती चित्रात येतच नाही. आरडाओरडा नाही, तक्रार नाही, ती आपली दाराबाहेर उभी राहते. नाकमुरडेंना ही व्यवस्था फार आवडायची. घाण आपोआप बाहेर राहते, आपल्याला हात लावावा लागत नाही.

एकच गोष्ट त्यांना सतावायची, ती म्हणजे चांदणी. बहुतेक स्वयंपाकघरांतलं जेवण एकाच ठिकाणी जातं: शाळेचं शाळेत, वसतिगृहाचं वसतिगृहात. पण काही मोठे ठेकेदार एका जागी शिजवतात आणि गाड्या भरून अनेक ठिकाणी पाठवतात. अशा ओळीवर 'जेवण कुठे जातं?' याला एक उत्तर नसतं. सॉफ्टवेअर मग स्वतःच्या अकलेने काही ठरवत नाही, नावाच्या जागी एक बारीक काळी चांदणी ठेवून मोकळं होतं. उत्तरं पुष्कळ आहेत, मला विचारू नका, एवढाच तिचा अर्थ. शुभ्र पडद्यावर ती काळी चांदणी दिसली की नाकमुरडेंना माशी बसून गेल्यासारखं वाटायचं. ते तिथे बोटसुद्धा दाखवायचे नाहीत. शेवटी त्यांनी एक नियम करून टाकला: चांदणी असेल ती ओळ वगळा. दर सोमवारी सकाळी हा नियम आपोआप चालायचा आणि नाकमुरडे कचेरीत पोचायच्या आत नकाशा धुऊनपुसून तयार असायचा.

खात्याच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या नकाशावर निहायत खूश होत्या. "नाकमुरडेंचं चित्र समोर असलं की चहा गोड लागतो," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. त्यांनी तो नियम बाकीच्या विभागांनाही लावायला सांगितला. नाव पडलं 'नाकमुरडे पद्धत'. एवढं कौतुक झाल्यावर माणसाला आपल्या नाकाचा गर्व होणारच.

आता हे नाक त्यांना आलं कुठून, तर आईकडून. ती तरुण असताना सगळ्या गल्लीचं नाक होती. कुणाचं दूध नासलंय का, तेल खवट झालंय का, मांस आजचं की कालचं, शेजारणी भांडी घेऊन तिच्या दारात यायच्या. ती झाकण उचलायची, वाकायची आणि म्हणायची, "घे," नाहीतर म्हणायची, "ओत." तिने 'ओत' म्हटलेलं कुणी घरात ठेवलं नाही. फरक एवढाच की आईचं नाक वाकायचं आणि लेकाचं मुरडायचं. तिने मुलाची शी काढली, नवऱ्याच्या आजारपणात उलटीची भांडी उपसली, आणि वासावरून ताप ओळखला. तिला घाणीची किळस नव्हती असं नाही, पण ती आधी वास घ्यायची आणि किळस मागाहून करायची.

ही आई म्हातारपणी लेकाच्या घरात राहायला आली, आणि हे सांगताना माझीच जीभ जड होते, पण तिला त्या घरातून जावं लागलं ते दातांच्या कवळीपायी. रात्री ती कवळी काढून पेल्यात ठेवायची आणि पेला न्हाणीघरात बेसिनवर. सकाळी नाकमुरडे दात घासायला गेले की पाण्यातून ती कवळी त्यांच्याकडे बघून हसायची. त्यांना उमासे यायचे. पुढे आईची एकदा चादर ओली झाली. मग दुसऱ्यांदा झाली. बायको म्हणाली, "अहो, मी धुते ना. तुम्हाला कोण हात लावायला सांगतंय?" नाकमुरडे म्हणाले, "प्रश्न हात लावायचा नाही. घरात वास राहतो." बायकोने चादर उचलली आणि ती धुवायला निघून गेली. पुढच्या महिन्यात आई टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका वृद्धाश्रमात गेली. भिंती पांढऱ्या, बाग नीटनेटकी, आणि नकाशावर तो भाग हिरवागार. नाकमुरडेंनी जागा ठरवण्याआधी नकाशा पाहिला होता, आणि बायकोलाही मोठ्या अभिमानाने दाखवला होता.

दर रविवारी ते आईला भेटायला जात. भेटीच्या खोलीत फुलांच्या वासाचा फवारा मारलेला असायचा, खुर्च्यांना प्लास्टिकची आवरणं होती. नाकमुरडे तिथेच बसायचे. जेवणाच्या दालनात ते कधी गेले नाहीत. म्हाताऱ्यांच्या हनुवटीवरून ओघळणारं अन्न बघायची कल्पनासुद्धा त्यांना सोसायची नाही.

"इथलं जेवण बरं नाही रे," आई म्हणायला लागली. पहिल्यांदा तिने सहज म्हटलं. नंतर दर रविवारी म्हणू लागली. "रस्सा शिळा असतो. कालचा आजच्यात ओततात. वर मसाला मारतात, पण खालून वास येतोच."

"आई, वय झालं की नाकही म्हातारं होतं."

"माझं नाही झालं."

"अगं, मी स्वतः नकाशा काढतो. हा सगळा भाग हिरवा आहे. एकसुद्धा आजारी नाही."

"हिरवा?" आई म्हणाली. "बुरशीही हिरवीच असते."

नाकमुरडे हसले. बायकोला घरी येऊन सांगितलं, आईची जीभ अजून तिखट आहे. बायको हसली नाही. "एकदा तिच्याबरोबर जेवून तरी बघा," ती म्हणाली. नाकमुरडेंनी नुसतं नाक मुरडलं.

मग तो रविवार आला. आई भेटीच्या खोलीत आली ती मूठ पदराखाली लपवून. खुर्चीत बसली, दाराकडे पाहिलं, आणि मुठीतून एक लहानसं गाठोडं काढून त्यांच्यापुढे धरलं. कापडी रुमालात काहीतरी बांधलेलं होतं, आणि रुमालावर तेलकट तपकिरी डाग पसरला होता.

"दुपारच्या ताटातला तुकडा आहे," ती कुजबुजली. "कुणाला न कळता आणलाय. तुझं खातं आहे ना हे? वास घे आणि तूच सांग."

"आई! शी!"

"अरे, वास तर घे. एकदाच. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून आणलं."

नाकमुरडेंनी चिमटीत धरून ते गाठोडं उचललं, हात लांब केला आणि कोपऱ्यातल्या झाकणाच्या डब्यात टाकून दिलं. जाता जाता एक आंबूस, घशात चिकटणारा वास त्यांच्या नाकाला लागलाच. त्यांचं नाक काही खोटं नव्हतं. पण त्यांना वाटलं तो आईचा वास आहे. म्हातारपणाचा, ओल्या चादरींचा, घरातून एवढ्या कष्टाने घालवलेला तो वास. परत येऊन त्यांनी बाटलीतलं जंतुनाशक दोन्ही हातांना चोळलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आई डब्याकडे बघत बसली होती. त्या दिवशी ती जेवणाबद्दल पुन्हा काही बोलली नाही आणि नाकमुरडेंना हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात सकाळी फोन आला. आईला दवाखान्यात हलवलं होतं, आश्रमातल्या आणखी काही जणांबरोबर. उलट्या, जुलाब, अंगात पाण्याचा टिपूस नाही. नाकमुरडे पोचले तेव्हा ती चाकाच्या खाटेवर पडली होती, डोळे मिटलेले, ओठांना चिरा गेलेल्या. कवळी कुणीतरी काढून ठेवली होती आणि तोंड आत ओढलं गेलं होतं. ती कसाबसा श्वास घेत होती. डॉक्टर म्हणाले, या वयात सांगता येत नाही, दोन दिवस जाऊ देत. खिडकीपाशी नाव नोंदवून या.

खिडकीत बसलेला कारकून जांभई देत टंकत होता. नाव. वय. तक्रार काय. "राहतात कुठे?" त्याने विचारलं. नाकमुरडेंनी आश्रमाचं नाव सांगितलं. कारकुनाने ते टंकलं, आणि पडदा त्यांच्या बाजूला तिरका असल्यामुळे नाकमुरडेंना दिसलं: रकान्यात आश्रमाचं नाव बसलं. सवयीचा माणूस. ओळ दिसली की त्यांचं डोकं जुळवायला लागायचं. या नावाचं स्वयंपाकघर आपल्या डेटाबेसमध्ये आहे का? नाही. आश्रमात चूल पेटतच नाही, जेवण बाहेरून येतं. ठेकेदाराकडून. ठेकेदाराच्या ओळीवर काय आहे? चांदणी. चांदणीचं आपण काय करतो?

नाकमुरडेंनी खिडकीचा गज धरला. उघड्या हाताने धरला, किल्ली नाही, कागद नाही. सोमवारी सकाळी नियम चालेल. ठेकेदाराची ओळ चांदणी आहे म्हणून जाईल. आईच्या ओळीला जोडीदार नाही म्हणून तीही जाईल. टेकडीचा भाग हिरवा राहील. मोठ्या बाईंना चहा गोड लागेल.

"पुढे?" कारकून म्हणाला. "अहो, पुढे सरका."

ते तिथून सरळ कचेरीत गेले आणि हात न धुता टेबलाशी बसले. या वेळी त्यांनी दवाखान्यांचा डेटाबेस आधी ओढला. तो मुख्य झाला, स्वयंपाकघरं दुय्यम. मग त्यांनी आपला लाडका नियम काढून टाकला. पडद्यावर भसाभस ओळी आल्या. इतके दिवस दाराबाहेर उभ्या असलेल्या, जोडीदार नसलेल्या, घाणेरड्या ओळी. त्यांनी टेकडीच्या आश्रमाचं नाव शोधलं. आईच्या वरती आणखी नावं होती. त्यांच्या वरती आणखी. गेल्या उन्हाळ्यातली, त्याआधीच्या पावसाळ्यातली. वय बरंच, वय बरंच, वय बरंच. मग त्यांनी ठेकेदाराच्या चांदणीवर टिचकी मारली आणि तिच्या आत दडलेली यादी उघडली: टेकडीचा आश्रम, पलीकडचा आश्रम, मूकबधिर मुलांचं वसतिगृह, आणखी कुठलं कुठलं. एकच चूल. त्या सगळ्या ठिकाणांहून दवाखान्यात आलेली माणसं समोर होती, आणि शेवटच्या रकान्यात 'पुढे काय झालं' याखाली बहुतेकांना 'घरी सोडलं' लिहिलं होतं. बहुतेकांना. काहींच्या पुढे 'मृत्यू' होतं.

त्यांना जगाची किळस येत आली होती, पण स्वतःची किळस कशी असते ते त्या दिवशी कळलं. ती पोटातून वर येत नाही, ती अंगावर असते. न्हाणीघरात जाऊन त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आरशात पाहिलं तर नाक नेहमीसारखंच मुरडलेलं. त्यांना त्या नाकावर थुंकावंसं वाटलं.

मोठ्या बाईंच्या दालनात ते नकाशा घेऊन गेले. टेकडीचा भाग लालभडक होता, आणि चित्रभर चांदण्या पसरल्या होत्या.

"हे काय?" मोठ्या बाईंनी चेहरा मागे घेतला. "नाकमुरडे, काय घाण करून आणलीत? दुपारी पाहुणे यायचेत."

"बाई, ही घाण मी केलेली नाही. मी ती झाकली होती. माझी आई दवाखान्यात आहे. तिच्यासारखे पुष्कळ आहेत. सगळे एकाच ठेकेदाराचं जेवतात."

"फार वाईट झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी बिस्किटाची बशी बाजूला सरकवली. "बघू आपण. रीतसर पत्र पाठवू. पण आजच्यापुरत्या त्या चांदण्या काढा. तुमची पद्धत आहे ना? ती लावा आणि आणा."

"नाही लावत."

"काय?"

"मला ती पद्धत लावायची नाही, बाई. मला तिची किळस येते."

बाईंचा चहाचा कप तसाच हातात राहिला. नाकमुरडे बाहेर आले. व्हरांड्यात तपासनीस बाई बूट चढवत होत्या. या बाई बारा महिने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायच्या म्हणून त्यांना सगळे गमबूटबाई म्हणायचे. नाकमुरडेंनी त्यांच्या शेजारी जाऊन नुसता नकाशा पुढे केला.

गमबूटबाईंनी तो बराच वेळ पाहिला. "ही चूल मी एकदा पाहिलीय," त्या म्हणाल्या. "आधी कळवून गेले होते. कळवलं की काय, आरसाच करून ठेवतात. नंतर तुमचं चित्र हिरवं, म्हणून मला गाडीच मिळेना. तुम्हाला दोनदा विचारलं होतं मी, या चांदण्या कसल्या म्हणून. तुम्ही म्हणालात, त्या बघायच्या नसतात."

"म्हणालो होतो," नाकमुरडे म्हणाले.

"मग चला आता. न कळवता. आणि नाकाला काही बांधू नका."

ते गेले. आणि जे होतं ते मी आवरून सांगणार नाही, कारण आवरून सांगण्यानेच ही वेळ आली. मोरी तुंबलेली आणि तिचं पाणी भाजी चिरायच्या टेबलाखालपर्यंत आलेलं. त्याच पाण्यात कांद्यांची पोती. हौदात राखाडी पाण्यात मांस भिजत पडलेलं, वरती साय धरलेली. एकच फडकं, त्यानेच ताटं पुसायची आणि त्यानेच ओटा. कोपऱ्यात मोठाली पिंपं, आणि एक माणूस कालच्या पिंपातला रस्सा आजच्या पिंपात ओतत होता, बोटाला मळकी चिंधी बांधलेल्या हाताने. झाकणाच्या आतल्या बाजूला झुरळं होती. झाकण उचललं की ती रश्श्यात पडायची आणि तो पळीने काढून टाकायचा, पडली तेवढीच.

नाकमुरडे पिंपाशी गेले. गमबूटबाई म्हणाल्या, "राहू दे, मी नमुना घेते." पण ते वाकले. आयुष्यात पहिल्यांदा ते नाक मुरडायच्या ऐवजी वाकले आणि त्यांनी वास घेतला. आंबूस, घशात चिकटणारा, ओळखीचा. भेटीच्या खोलीत डब्यापर्यंत जाता जाता जो नाकाला लागला होता तोच. तो आईचा वास नव्हता.

ते तिथेच भिंतीला धरून ओकले. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "अहो साहेब, स्वयंपाकघर आहे हे," आणि गमबूटबाई त्या प्रसंगीही हसल्या.

त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दाराला सील लागलं. त्यानंतर फार काही बदललं असं समजू नका. मोठ्या बाईंनी एक तोडगा काढला: चांदण्या असलेल्या ओळींचं वेगळं पान. नकाशा पूर्वीसारखाच स्वच्छ, आणि खाली कोपऱ्यात त्या पानावर जायची बारीक खूण. पाहुण्यांपैकी कुणी त्या खुणेवर अजून टिचकी मारलेली नाही. 'नाकमुरडे पद्धत' बाकीच्या विभागांत तशीच चालू आहे. नाकमुरडे दारोदार जाऊन सांगतात, अहो, ती काढा. लोक म्हणतात, तुमचीच तर आहे. गमबूटबाईंना मात्र दर सोमवारी ते चांदण्यांचं पान हातात नेऊन देतात.

आई वाचली. दोन दिवसांनी तिने डोळे उघडले, चौथ्या दिवशी उठून बसली. नाकमुरडे खाटेशी बसले होते. बायकोने घरून पातळ पेज करून पाठवली होती. आईने वाटी हातात घेतली, वाकली, वास घेतला, मग प्यायली. थोडी पेज हनुवटीवर ओघळली. नाकमुरडेंनी ती पुसली, कागदाने नाही, हाताने.

"आई, आता घरी चल. कायमची."

"कवळी कुठे ठेवू?"

"बेसिनवर. पेल्यात."

"आणि चादर?"

"मी धुईन."

आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. नाराजीने नाही, पण झाकण उचलून भांड्यात बघावं तसं. मग वाटी बाजूला ठेवली.

"माझा रुमाल कुठे आहे?"

"कुठला रुमाल?"

"तू टाकलास तो. मी त्या डब्यात शोधला, पण तोवर केर नेला होता." ती थांबून थांबून बोलत होती. "तुझ्या वडिलांचा होता तो. ते गेले त्या दिवशी त्यांच्या खिशात होता. मी धुऊन, घडी घालून इतकी वर्षं ठेवला होता. मुद्दाम त्याच्यात बांधून आणलं. म्हटलं, वडिलांच्या रुमालात असलं तर हा टाकून देणार नाही."

वगळलेल्या ओळी परत आणता येतात. नियम काढला की सगळ्या येऊन उभ्या राहतात, नाकमुरडेंनी ते स्वतः केलं होतं. त्यांनी डोळे मिटून तो रुमाल आठवायचा प्रयत्न केला: रंग कुठला, काठ होता का, कोपऱ्यात काही विणलेलं होतं का. त्यांना फक्त डाग आठवला.